गाडीचे पाणी जाते कुठे?

आज आम्ही पापड-मसाल्यावर बोलणार नाही, कर्जाच्या हप्त्यावरही नाही. आज बोलणार आहोत गाडीच्या पाण्यावर. तुम्ही म्हणाल, हा तर ड्रायव्हरचा आणि मिस्त्रीचा विषय. आम्हालाही तसेच वाटायचे. पण आपल्या जिल्ह्यात आता कितीतरी बचत गटांनी आणि ग्रामसंघांनी मिळून जुनी गाडी घेतली आहे. कुणाची ओम्नी आहे, कुणाची बोलेरो, तर कुणाची सुमो. तूरडाळ, मसाला, लोणचे बाजाराला न्यायचे, बैठकीला जायचे, रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात पोहोचवायचे, सगळे तिच्यावर. गाडी गटाच्या पैशाची, मग तिच्या पाण्याचा हिशेबही गटालाच ठेवावा लागतो.

आमची गाडी आहे जुनी टाटा सुमो. ही गाडी १९९४ साली बाजारात आली आणि २०१९ साली बनायची थांबली. टाटांच्या मोटार कारखान्याला ज्यांनी आकार दिला त्या सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या दोन-दोन इंग्रजी अक्षरांवरून तिचे नाव पडले. नवीन सुमो आता मिळत नाही. म्हणजे रस्त्यावर दिसते ती प्रत्येक सुमो जुनीच. जुन्या गाडीला म्हातारपणाची दुखणी असतात, आणि त्यातले एक नेहमीचे दुखणे म्हणजे पाणी कमी होणे.

आमच्यावर काय बेतले

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये आमची गाडी चालवणारी ताई बैठकीत म्हणाली, "गाडी पाणी पिऊन राहिली, बाई." आम्ही हसलो. उन्हाळा आहे, माणसाला तहान लागते तशी गाडीलाही लागत असेल! ती एक-दोन दिवसाआड बाटलीभर पाणी ओतायची. पाणी बोअरवेलचे. कुणीतरी सांगितले म्हणून एकदा रेडिएटरमध्ये चमचाभर हळदही टाकली. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

मे महिन्यात आम्ही यवतमाळहून आर्णी रस्त्याने परत येत होतो. गाडीत आठ बाया. त्यातली एक सातव्या महिन्याची गरोदर, तपासणी करून येत होती. दुपारचे दोन वाजले होते. काटा लालवर गेला आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली. गाडी बाजूला घेतली. ४४ अंशांच्या उन्हात एका कडुनिंबाखाली आम्ही दोन तास बसलो. प्यायचे पाणी संपत आले होते. त्या मुलीला काही झाले नाही, पुढे बाळंतपणही सुखरूप झाले. पण त्या दोन तासांत आमच्या मनात काय काय येऊन गेले ते आम्हालाच माहीत.

गाडी ओढून एका गॅरेजला नेली. तिथे सांगितले, "हेड पॅकिंग गेले. इंजिन खोलावे लागेल. पंचवीस हजार धरून चाला." पंचवीस हजार म्हणजे आमच्या गटाची कितीतरी महिन्यांची बचत. बैठक बसली. कुणी म्हणाले, विकून टाका. कुणी म्हणाले, कर्ज काढा. तेवढ्यात आमच्या कोषाध्यक्ष ताईंनी विचारले, "पाणी रोज जाते म्हणता, मग गेले कुठे? दहा रुपये कमी भरले तर आपण वही उघडतो. इथे बाटल्यांवर बाटल्या गेल्या आणि हिशेब कुणाकडेच नाही?"

तायांनो, आजच्या बोलण्याचे सार याच प्रश्नात आहे. पाणी हवेत नाहीसे होत नाही. ते एकतर बाहेर गळते किंवा इंजिनाच्या आत जाते. कुठे जाते हे कळल्याशिवाय ओतत राहणे चूक, आणि कळल्याशिवाय इंजिन खोलणेही चूक.

हे पाणी करते काय?

डिझेल किंवा पेट्रोल जळते तेव्हा त्यातली साधारण तिसरा हिस्सा उष्णता गाडी पळवायच्या कामी येते, तेवढीच धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली इंजिनाच्या पाण्याला घ्यावी लागते. हे पाणी एका पंपाने इंजिनाच्या आतल्या वाटांतून फिरते, तापते, पुढच्या रेडिएटरमध्ये येते, तिथे वाऱ्याने निवते आणि परत आत जाते. मध्ये थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती बंद राहते, पाणी तापले की उघडते. पाणी साधारण नव्वद अंशांच्या आसपास असले की इंजिन खुशीत चालते.

आता कुकर आठवा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरमध्ये दाब असतो म्हणून ते त्याहून जास्त तापते आणि डाळ लवकर शिजते. रेडिएटरचे झाकण हीच कुकरची शिट्टी आहे. त्यात स्प्रिंग असते, ती आत दाब धरून ठेवते. झाकण चांगले असले तर आतले पाणी ११५-१२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब जास्त झाला तर थोडे पाणी बाजूच्या प्लॅस्टिकच्या डब्यात जाते. इंजिन निवले की तेच पाणी परत ओढले जाते. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग ढिली पडली तर दाब राहत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाहेर जाते. कुकरचे रबर खराब झाल्यावर डाळ शिजत नाही, पाणी मात्र आटते, तसेच हे.

आणि म्हणूनच पहिला नियम. गरम गाडीचे रेडिएटरचे झाकण कधीही उघडायचे नाही. शिट्टी न काढता कुकरचे झाकण ओढले तर काय होते हे आपल्याला कुणी सांगायला नको. उकळते पाणी आणि वाफ तोंडावर, छातीवर येते. पाऊण तास ते तासभर थांबायचे. वरच्या होज पाइपला हात लावून पाहायचा. तो गार आणि मऊ लागला की जाड फडके झाकणावर टाकायचे, तोंड बाजूला ठेवायचे, झाकण आधी पहिल्या खाचेपर्यंत फिरवायचे आणि फुस आवाज पूर्ण थांबल्यावरच काढायचे.

आधी वही, मग पाना

कोषाध्यक्ष ताईंच्या सांगण्यावरून आम्ही सात दिवस वही ठेवली. तुम्हीही तसेच करा. रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, गाडी सपाट जागेवर असताना पाहायचे. प्लॅस्टिकच्या डब्यावर वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात. पाणी त्या दोहोंच्या मध्ये हवे. पहिल्या दिवशी पाण्याच्या पातळीवर पेनाने खूण करा. मग वहीत रोज लिहा : तारीख, सकाळची पातळी, काल गाडी किती किलोमीटर चालली, किती पाणी ओतले, काटा कुठपर्यंत गेला. ओतायचे तर मापाच्या बाटलीने ओता, अंदाजाने नको.

नुकतेच पाणी बदलले असेल तर पहिले एक-दोन दिवस पातळी थोडी उतरते. आत अडकलेली हवा बाहेर पडते म्हणून. त्याची काळजी करू नका. त्यानंतरही उतरत राहिली तर मात्र कुठेतरी वाट आहे.

आमच्या वहीने आम्हाला काय सांगितले? गाडी उभी होती त्या दिवशी पातळी जागच्या जागी. गावातल्या गावात फिरली त्या दिवशी जराशी कमी. यवतमाळला जाऊन आली त्या दिवशी अर्धा लिटरच्या वर कमी. म्हणजे गळती गाडी तापल्यावर, आत दाब आल्यावरच होत होती. एवढी एक गोष्ट कळली आणि शोध अर्ध्यावर आला.

बाहेरची गळती कशी शोधायची

रात्री गाडीखाली युरियाची रिकामी, स्वच्छ धुतलेली चुंगडी किंवा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग पाहा. काळा आणि तेलकट डाग इंजिन ऑइलचा. हिरवा, गुलाबी किंवा निळसर आणि किंचित चिकट डाग कूलंटचा. नुसते स्वच्छ पाणी असेल आणि आदल्या दिवशी एसी लावला असेल तर ते एसीचे पाणी, त्याला घाबरायचे कारण नाही. डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली आहे ते खडूने लिहून ठेवा.

पण चुंगडी कोरडी निघाली म्हणजे गळती नाही असे समजू नका. आमची चुंगडी सातही दिवस कोरडी होती. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब पडला तर चर्र होऊन उडून जातो, तसे गळणारे पाणी गरम इंजिनावरच वाळून जाते. मागे राहतो तो फक्त क्षाराचा डाग. म्हणून इंजिन गार असताना, दिवसाउजेडी किंवा टॉर्च घेऊन, हे डाग शोधायचे. पांढरट, हिरवट किंवा गंजाच्या रंगाची वाळलेली रेघ दिसली की तिच्या वरच्या टोकाला गळती आहे असे समजा.

कुठे कुठे पाहायचे ते क्रमाने सांगतो. आधी रेडिएटर : त्याची जाळी, दोन्ही बाजूंचे जोड आणि खालचा बूच. मग वरचा आणि खालचा होज पाइप. गार असताना ते दाबून पाहा. जागोजागी भेगा असतील, फुगला असेल किंवा चिखलासारखा मऊ लागला तर तो बदलायचा. मग पाइपांच्या टोकाच्या क्लिपा. त्या ढिल्या असतील तर स्क्रूड्रायव्हरने आवळल्या की कितीदा तेवढ्यावर काम भागते. मग प्लॅस्टिकचा डबा, त्याला तळाशी बारीक चीर असू शकते. मग गाडीच्या आत, पुढच्या सीटच्या पायापाशी. तिथली चटई चिकट ओली असेल, गोडसर वास येत असेल, समोरच्या काचेवर तेलकट वाफ धरत असेल तर आतल्या हीटरची जाळी गळते आहे. आपल्याकडे हीटर कुणी लावत नाही, पण बऱ्याच गाड्यांत तो असतो आणि त्यातूनही पाणी फिरते.

शेवटी वॉटर पंप. गॅरेजमध्ये त्याला कितीतरी जण 'वॉटर बॉडी' म्हणतात. हा पंप इंजिनाच्या पुढच्या बाजूला असतो आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत फॅन बेल्टवर फिरतो. त्याच्या अंगावर, खालच्या बाजूला, एक बारीक भोक असते. ते मुद्दाम ठेवलेले असते. पंपाच्या आतले सील झिजले की पाणी त्या भोकातून बाहेर येते आणि आपल्याला कळते की पंप बदलायची वेळ झाली. ते भोक एम-सीलने कधीही बुजवू नका. ते बुजवले तर पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि पंप एकाएकी अडकतो.

आमची रेघ तिथेच सापडली. पंपाच्या भोकाखाली हिरवट पांढरी रेघ, अगदी घागरीच्या बुडाला धरते तशी. आम्ही मोबाइलवर फोटो काढला, वही घेतली आणि ज्यांच्याकडे दाब तपासायचा पंप आहे अशा दुसऱ्या गॅरेजला गेलो.

दाबाची तपासणी

हा पंप सायकलच्या पंपासारखा हाताने मारायचा असतो. गार इंजिनावर रेडिएटरच्या झाकणाच्या जागी तो बसवतात. झाकणावर जेवढा दाब लिहिलेला असतो तेवढाच भरतात, जास्त नाही. मग काट्याकडे पाहत थांबायचे. दहा-पंधरा मिनिटे काटा स्थिर राहिला तर बाहेर गळती नाही. काटा उतरू लागला तर कुठेतरी थेंब दिसेलच. आमच्या गाडीचा काटा पाच मिनिटांत उतरला आणि पंपाच्या भोकातून थेंब थेंब पडू लागला. आम्ही सगळ्या वाकून पाहत होतो. त्याच यंत्राने झाकणही तपासता येते. आमचे झाकणही दाब धरत नव्हते.

वॉटर पंप, बेल्ट, झाकण आणि दोन्ही होज पाइप बदलले. रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे साफ करून घेतला. नवीन कूलंट भरले. सगळे मिळून आठ हजारांच्या आत झाले. इंजिन खोलावे लागले नाही.

आधीच्या गॅरेजने फसवले असे आम्ही म्हणत नाही. गाडी गरम झाली, बाहेर थेंब दिसला नाही, त्यांनी अंदाज बांधला. पण अंदाजावर पंचवीस हजार देणे आणि तपासून आठ हजार देणे यात फरक आहे. मिस्त्रीला विचारायचा प्रश्न एवढाच : "भाऊ, हे तपासून सांगता की अंदाजाने?" हा प्रश्न आदराने विचारला तर चांगल्या मिस्त्रीला राग येत नाही.

हेड पॅकिंग खरेच गेले असेल तर

कधी कधी ते खरेच गेलेले असते, म्हणून त्याच्या खुणाही माहीत हव्यात. इंजिनाचा खालचा भाग आणि वरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असते. पुन्हा कुकरचीच रिंग समजा. ती जळाली की पाणी इंजिनाच्या आत जाते आणि जळण्याचा वायू पाण्यात येतो.

खुणा अशा. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो आणि त्याला गोडसर वास असतो. ऑइलची पट्टी काढून पाहिली तर ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. गार इंजिन सुरू करून रेडिएटरमध्ये पाहिले तर सतत बुडबुडे येतात. गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटेही झाली नाहीत आणि वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. यातली एकच खूण दिसली तर घाई करू नका. थंडीच्या दिवसांत गाडी थोडीथोडीच चालवली तर ऑइलच्या झाकणाखाली ओलाव्याने पांढरा फेस धरतो, तेवढ्यावरून हेड गेले असे होत नाही. पट्टीवरचे ऑइल पाहा.

याचीही तपासणी आहे. एका नळीत निळे द्रव घेऊन ती रेडिएटरच्या तोंडावर धरतात. पाण्यात जळका वायू असेल तर त्या निळ्याचा रंग बदलतो, पेट्रोल गाडीत पिवळा, डिझेल गाडीत हिरवट. ही तपासणी झाल्याशिवाय हेड उतरवायला हो म्हणू नका. आणि उतरवलेच तर हेड वाकले आहे का ते सपाट पट्टीने तपासून घ्या, लागले तर लेथवर फेसिंग करून घ्या. वाकलेल्या हेडवर नवीन पॅकिंग टाकणे म्हणजे ढेकळावर चटई अंथरणे. चार महिन्यांत पुन्हा तोच खर्च.

अशा खुणा असताना पाणी ओतत गाडी पळवायची नाही. त्याने छोटा खर्च मोठा होतो.

दोष आमच्या हंड्यातही होता

पंप झिजला का, हे आम्ही दुसऱ्या मिस्त्रीभाऊंना विचारले. त्यांनी जुना पंप आमच्या हातात दिला. आत गंज आणि पांढरे खडे. आम्ही वर्षभर बोअरवेलचे पाणी ओतत आलो होतो. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत जमिनीतले पाणी जड आहे. पांढरकवडा, झरी जामणीकडच्या तायांना तर पाण्यातल्या फ्लोराइडचा त्रास चांगलाच ठाऊक आहे. पाणी तापवायच्या भांड्यात जसा पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. थर बसला की पाणी निवत नाही, आणि त्यातली कचकच पंपाचे सील झिजवते.

म्हणून कूलंट लागते. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे पुष्कळ जण म्हणतात. कूलंट फक्त थंडीसाठी नसते. ते गंज धरू देत नाही, पंपाला वंगण देते आणि पाणी उकळायचा अंश वाढवते. तयार मिसळलेले कूलंट मिळते, ते तसेच भरायचे. घट्ट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, मिसळायचे. मिसळायला बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घ्या. रंगावर जाऊ नका. दोन कंपन्यांचे हिरवे कूलंट एकसारखेच असते असे नाही. गाडीच्या पुस्तकात कोणते सांगितले आहे ते पाहा, आणि वेगवेगळी कूलंटे एकमेकांत मिसळू नका.

हळदीचेही सांगतो. हळद किंवा गळती बंद करायची पावडर बारीक भोकात अडकते आणि चार दिवस गळती थांबते, हे खरे. पण ती भोक कोणते आणि नळी कोणती हे ओळखत नाही. रेडिएटरच्या नळ्याही तिने बुजतात. आमचा रेडिएटर साफ करताना गाळाबरोबर आमचीच हळद निघाली. रस्त्यात अडकलो तर घरी पोहोचण्यापुरते ठीक, पण तो इलाज नव्हे.

तसेच "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहील," असा सल्ला मिळतो. तो काढला तर इंजिन नीट तापतच नाही, डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. खराब असेल तर नवीन बसवा, काढून टाकू नका.

पाणी पुरेसे, तरी गाडी तापते

कधी पाणी कमी होत नाही, तरी काटा वर जातो. तेव्हा आधी रेडिएटरची जाळी पाहा. कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर कापसाचे तंतू उडत असतात. ते, धूळ आणि भुसा जाळीत अडकून गोधडी तयार होते. वारा आत जात नाही. गार इंजिन असताना मऊ ब्रश आणि पाण्याची हलकी धार घेऊन, इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला जाळी धुवा. जोराची धार मारली तर जाळीची पाती वाकतात. मग फॅन फिरतो का, बेल्ट ढिला किंवा तडकलेला आहे का, ते पाहा.

रस्त्यात गाडी तापली तर

काटा लालकडे सरकू लागला की एसी बंद करा, हीटर पूर्ण लावा आणि खिडक्या उघडा. हीटर इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. उन्हाळ्यात नको वाटेल, पण तेवढ्याने सुरक्षित जागेपर्यंत पोहोचता येते. काटा लालवर गेला किंवा वाफ दिसली की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "गाव दोनच किलोमीटर आहे" असे म्हणू नका. त्या दोन किलोमीटरमध्येच हेड वाकते.

सगळ्यांना उतरवून सावलीत बसवा. वाफ थांबेपर्यंत बॉनेट उघडू नका. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका. तापलेल्या काचेच्या ग्लासात गार पाणी ओतले तर तो तडकतो, हेडही तसेच तडकू शकते. तासाभराने, वर सांगितले तसे झाकण उघडून, हळूहळू पाणी भरा. अडचणीत साधे स्वच्छ पाणी चालते. मात्र घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गळती शोधा आणि कूलंट नीट भरा.

भरतानाही घाई नको. आत हवा अडकली तर पाणी भरलेले दिसते आणि गाडी पुन्हा तापते. गार इंजिनात हळूहळू भरा, हीटर चालू ठेवा, झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करा आणि जवळ तोंड नेऊ नका. बुडबुडे थांबले, पातळी उतरली तेवढी भरली, की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पुन्हा पाहा.

गाडीत दोन गोष्टी नेहमी असू द्या : गाडीसाठी पाच लिटर स्वच्छ पाण्याचा कॅन आणि माणसांसाठी वेगळे पिण्याचे पाणी. आणि गाडीत आजारी किंवा गरोदर बाई असेल, गाडी बंद पडली, तर गाडीच्या मागे वेळ घालवू नका. आधी १०८ ला फोन करा.

एक जिवाची गोष्ट

बहुतेक कूलंट चवीला गोड असते आणि विषारी असते. थोडेसे पोटात गेले तरी लहान मुलाच्या, कुत्र्याच्या, शेळीच्या जिवावर बेतू शकते. म्हणून ते सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीच ठेवू नका. काढलेले जुने कूलंट अंगणात, नाल्यात, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या टाक्याजवळ ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजला परत द्या. सांडले तर लगेच धुऊन पुसून घ्या. कुणाच्या पोटात गेले असे नुसते वाटले तरी घरगुती उपाय करत बसू नका. डबा सोबत घेऊन सरळ दवाखान्यात जा.

शेवटी एवढेच. गळती वेळेत सापडली म्हणून आमचे पैसे वाचले. पण आर्णी रस्त्यावर काटा लालवर गेला तेव्हा आम्ही थांबलो, म्हणून इंजिन वाचले. त्यात आमच्या गाडीवाल्या ताईचे शहाणपण होते आणि थोडे नशीबही. नशिबावर दुसऱ्यांदा विसंबायचे नाही असे आम्ही त्याच बैठकीत ठरवले. तेव्हापासून गाडीची वही आमच्या बचतीच्या वहीशेजारी असते. महिन्याच्या बैठकीत ती वाचून दाखवली जाते. आता एक पाव लिटर कमी झाले तरी कुणीतरी विचारतेच, "गेले कुठे?"

तुमच्याही गटाची गाडी असेल तर उद्या सकाळी, ती गार असताना, बॉनेट उघडून पाण्याच्या डब्यावर पेनाने एक खूण करा. पाच मिनिटांचे काम आहे. पुढच्या बैठकीत तुमच्या वहीने काय सांगितले ते एकमेकींना सांगा.